राक्षसाची मान धरणारी खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. साधीसुधी नव्हे बरे का मित्रांनो! माझे पाय लोखंडी आहेत, हात लाकडी आहेत आणि पाठीच्या वर डोके टेकवायला चामड्याची छोटी उशी आहे. बाजूचा स्क्रू आवळला की ती उशी माणसाचे डोके दोन्ही बाजूंनी अशी धरते की त्याला मान हलवता येत नाही. कारण माझा जन्म झाला तो एका दंतवैद्यासाठी.

त्या दवाखान्यात माझे बरे चालले होते असे मी म्हणणार नाही. माझ्यावर जो बसे तो घाबरूनच बसे. लोक माझे हात इतके घट्ट पकडत की लाकडाचा रंग उडाला. पुढे दंतवैद्यांनी काम थांबवले. सामान विकायला काढले तेव्हा एक बुटका, टक्कल पडलेला माणूस आला. त्याने माझी उशी वर-खाली केली, स्क्रू फिरवून पाहिला आणि म्हणाला, "हीच पाहिजे." हा माणूस सिनेमाच्या स्टुडिओत रंगभूषा करायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत.

मला वाटले, सुटले बाई एकदाची! आता माझ्यावर नट्या बसतील, आरशात बघून केस सावरतील. पण पहिल्याच सकाळी मास्तरांनी माझ्यावर बसवला तो एक राक्षस.

म्हणजे बसला तेव्हा तो माणूसच होता. चांगला ताडमाड उंच, रुंद खांद्यांचा आणि आवाजाने फार गोड. दारातून आत येताना वाकायची त्याला इतकी सवय झाली होती की उंच दारातूनही तो वाकूनच येई. स्टुडिओत त्याला लंबूदादा म्हणत. आधी तो नाटकांत प्रियकराची कामे करत असे. पण सिनेमाच्या पडद्यावर नायिका त्याच्या छातीपर्यंतही पोहोचेना. दिग्दर्शकाने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळले आणि दलदलीतून उठून येणाऱ्या राक्षसाचे काम देऊन टाकले. त्या राक्षसाला एकही वाक्य नव्हते. नुसते गुरगुरायचे.

मग रोज सकाळी आमचे तिघांचे काम सुरू होई. मी मान धरायची, लंबूदादाने डोळे मिटायचे आणि मास्तरांनी चेहऱ्यावर डिंक, कापूस आणि पातळ कापड यांचे थरावर थर चढवायचे. कपाळ पुढे येई, गाल आत जात, एक डोळा खाली ओघळे. शेवटी सगळ्यावर हिरवा रंग. तुम्ही ते सिनेमे पाहिलेत तर तुम्हाला सगळे काळे, पांढरे आणि करडेच दिसेल. पण हिरवा रंग त्या फिल्मवर प्रेतासारखा फिका उमटतो, म्हणून मास्तर तो लावत. माझ्या हातांवर त्याचे डाग अजून आहेत.

रंग चढल्यावर लंबूदादाला जेवता येत नसे. काचेच्या नळीने तो दूध पिई. एकदा त्याला शिंक आली आणि नाक उडून थेट हिशेबनिसाच्या टेबलावर पडले. हिशेबनीस त्या दिवशी जो घरी गेला तो दोन दिवस आलाच नाही. लंबूदादाला मात्र फार वाईट वाटले. तो त्याची माफी मागायला गेला, पण गेला राक्षसाच्याच वेषात. त्यामुळे प्रकरण आणखी वाढले.

पहिला सिनेमा असा चालला की काही विचारू नका. लोक किंचाळत, आणि किंचाळून झाले की पुन्हा तिकीट काढत. मग दुसरा राक्षस झाला, तिसरा झाला. कधी तो दगडाचा माणूस होई, कधी लांडग्याच्या तोंडाचा, कधी थडग्यातून उठलेला राजा. भिंतींवर त्याची ही मोठमोठी चित्रे लागली. आणि संध्याकाळी मास्तरांनी तेल चोळून, कापूस उपटून चेहरा मोकळा केला की तोच माणूस लालबुंद गालांनी त्या चित्रांखालून घरी चालत जाई. कुणी मान वळवून बघत नसे.

त्याचे त्याला फारसे काही नव्हते. खंत होती ती त्याच्या आईची.

आई आणि तो, दोघेच राहत. प्रत्येक सिनेमाला ती पहिल्या दिवशी जाई, आणि घरी येऊन तेच म्हणे, की काम छानच झाले असणार, पण तू मला काही सापडला नाहीस. तिची नजर मंद होत चालली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हळूहळू हे वाढतच जाईल असे सांगितले होते. एका सकाळी मास्तर डिंक ढवळत असताना लंबूदादा डोळे मिटूनच बोलला.

"मास्तर, ती काल म्हणाली, दिसतंय तोवर एकदा तुझा चेहरा पडद्यावर मोठ्ठा बघायचाय. बाकी काही नको."

मास्तर डिंक ढवळतच राहिले. पण त्या दिवशी त्यांचा हात नेहमीपेक्षा जड होता, हे मला उशीतून कळत होते.

पुढच्या सिनेमाची जुळवाजुळव सुरू झाली तेव्हा मास्तर दिग्दर्शकाकडे गेले आणि त्याच्या गळीच पडले. शेवटी राक्षस मरतो ना, मग मरताना तो पुन्हा माणूस होऊ दे, असे त्यांचे म्हणणे. दिग्दर्शक आधी हसला, मग विचारात पडला. मग म्हणाला की करून दाखवा.

मित्रांनो, तो दिवस माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा. माझे पाय खिळ्यांनी जमिनीला ठोकले. समोर कॅमेरा रोवला. माझ्या पाठीमागे नदीकाठचा रंगवलेला खडक उभा केला आणि मला काळ्या कापडात गुंडाळले, म्हणजे राक्षस खडकाला टेकून पडला आहे असे दिसावे. लंबूदादा पूर्ण रंगून बसला. माझा स्क्रू आवळला. कॅमेरा क्षणभर चालला आणि थांबला. मास्तरांनी पुढे येऊन एक थर काढला. कॅमेरा पुन्हा चालला. मग आणखी एक थर. हे तुकडे सलग जोडले की पडद्यावर राक्षसाचा हळूहळू माणूस होताना दिसणार होता. डोके केसभर जरी हलले असते तरी पडद्यावर चेहरा उडी मारल्यासारखा दिसला असता आणि सगळी मेहनत पाण्यात गेली असती. म्हणून तो दिवसभर हलला नाही, आणि मी त्याला हलू दिले नाही. दिव्यांच्या उष्णतेने माझे चामडे तडकले. त्याच्या मानेची शीर उडत होती ती माझ्या उशीत ठकठक वाजत होती.

आणि शेवटचा थर निघाला. कॅमेरामनने टोपी काढली म्हणतात. मी फक्त ऐकले. कारण माझ्यासमोरचा आरसा त्या दिवशी काढून ठेवला होता, आणि मी तर त्याच्या डोक्यामागे. मी तो चेहरा पाहिलाच नाही. त्याची मला आजही रुखरुख आहे.

लंबूदादा घरी गेला आणि त्याने आईला सांगितले, की या खेपेला शेवटी मी येणार आहे. आईने सगळ्या गल्लीला सांगितले. शेजारच्या काकू, वरच्या मजल्यावरचा शिंपी, दूधवाला, सगळे एकत्र जाणार असे ठरले.

पण मधल्या काळात स्टुडिओच्या मालकांनी सिनेमा पाहिला. म्हणाले, शेवट बघून माझ्या घरची माणसे रडली. लोक माझ्याकडे घाबरायला येतात, रडायला नाही. दिग्दर्शकाने चार वेळा समजावले. मालकांनी ऐकले नाही. तो तुकडा कापून टाकला. राक्षस नदीत पडतो, पाण्यावर तरंग उठतात आणि 'समाप्त'. दिग्दर्शकाला हे लंबूदादाला सांगायचे धैर्य झाले नाही. मास्तरांना तर कुणी कळवलेच नव्हते.

पुढे काय झाले ते लंबूदादाने मास्तरांना सांगितले, नव्या सिनेमाच्या पहिल्या सकाळी, माझ्यावर बसून. मास्तरांनी डिंकाची वाटी हातात घेतली होती, ती तशीच राहिली.

तो आईच्या शेजारी बसला होता. मागे सगळी गल्ली. राक्षस नदीकडे पळू लागला तसा त्याने आईचा हात धरला, कारण आता ते येणार होते. राक्षस पडला. पाणी हलले. दिवे लागले. त्याला आईकडे मान वळवण्याची हिंमत होईना. काकू मागून म्हणाल्या, "अहो, पण हा आला कुठे?"

आईने चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला. आणि सगळ्यांकडे वळून म्हणाली, "आला की. तुम्ही भीतीनं डोळे मिटून घेतलेत ना, तेव्हाच. अगदी त्याच्या बाबांसारखा दिसला."

आता सिनेमाभर सगळ्यांनी कधी ना कधी डोळे मिटलेच होते. त्यामुळे कुणालाच नाही म्हणता येईना. मग शिंपी म्हणाला की हो, मलाही ओझरता दिसला. घरी पोहोचेपर्यंत दूधवाल्यानेही पाहिला होता. काकू मात्र हळहळत राहिल्या, की मेले नेमके तेव्हाच मी डोळे मिटले.

"मग तुम्ही आईला सांगितलंत का खरं?" मास्तरांनी विचारले.

"नाही सांगितलं. तिला खरंच दिसल्यासारखं वाटलं, की मला सांभाळून घेतलं, ते मला कळलं नाही. विचारायची छाती झाली नाही."

मास्तरांनी वाटी खाली ठेवली आणि त्या दिवशी काम उशिरा सुरू झाले.

पुढच्या हिवाळ्यात आई गेली. तो तुकडा मास्तरांनी पुष्कळ शोधला. फिल्म कापण्याच्या खोलीतला कचरा उपसला, डबे उघडून पाहिले. मिळाला नाही.

मग दिवस पालटले. रंगीत सिनेमे आले. रंगांत हिरवा राक्षस हिरवाच दिसू लागला आणि लोक हसू लागले. लंबूदादाला कामे मिळेनाशी झाली. तो रेडिओवर श्रुतिका करू लागला. गोड आवाजाचे तिथे चीज झाले, पण चेहऱ्याचा तिथेही प्रश्नच नव्हता. स्टुडिओच्या जागी लाकडाची वखार झाली. मला सामानाच्या खोलीत, कागदी कवट्या आणि पुठ्ठ्याच्या खांबांमध्ये टाकून दिले. उंदरांनी माझ्या पोटातला काथ्या ओढून बिळे सजवली. मला रंगाचा वास आठवे, सकाळचे पाऊल आठवे, आणि त्या डोक्याचे वजन. रिकामे राहण्यापेक्षा जड ओझे बरे, हे मला तेव्हा कळले.

वखारवाल्याने मला फोडायला काढले त्या दिवशी म्हातारे मास्तर आले आणि मला हातगाडीवर घालून आपल्या घरी घेऊन गेले. मागच्या खोलीत, खिडकीपाशी त्यांनी मला ठेवले. सकाळी ते माझ्यावर बसून वर्तमानपत्र वाचत.

एका दुपारी दाराशी कुणीतरी आले. बुटक्या दारातून वाकून आत शिरले आणि खोलीत आल्यावरही कमरेत वाकलेलेच राहिले. लंबूदादा! केस पांढरे, हातात काठी. मला पाहून तो नुसता उभा राहिला. मग माझ्यावर बसला. डोके उशीला टेकवले, डोळे मिटले. किती वर्षांनी, मित्रांनो! वजन थोडे कमी झाले होते. पण मी ते ओळखले.

दोघे इकडचे तिकडचे बोलले. गुडघ्यांचे, दातांचे, कोण राहिले, कोण गेले याचे. मग लंबूदादा म्हणाला, "मास्तर, एक सलतं. तिचं तेवढंच मागणं होतं, आणि ते राहिलं."

मास्तरांनी आपले स्टूल माझ्याजवळ ओढले.

"दादा, मी रोज संध्याकाळी तुमचा चेहरा साफ करायचो तो कुणासाठी? तुम्ही घरी जायचात. तो चेहरा ती रोज जेवताना समोर बघायची. तिचं काही राहिलं नाही." मग म्हणाले, "राहिलं ते लोकांचं. ते एवढे डोळे फाडून बघत होते, आणि त्यांना तुम्ही दिसला नाहीत."

लंबूदादाने डोळे उघडले नाहीत. पण त्याची मान, जी मी जन्मभर आवळून धरली, ती त्या दिवशी मी न धरता माझ्यावर सैल पडली. तो थोडा वेळ झोपलासुद्धा. मास्तरांनी पडदा ओढून घेतला, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावर ऊन येऊ नये.

आता दोघेही नाहीत. घर मास्तरांच्या नातीचे आहे. मुलगी चांगली आहे, पण तिला कामे फार. इस्त्रीचे कपडे ती माझ्यावर ठेवते, त्यांवर खोकी ठेवते, आणि माझ्या स्क्रूवर गंज चढत चालला आहे. मी तक्रार करत नाही. एवढेच मागते, की तुमच्या घरात कुठे अशी माझ्यासारखी जुनी वस्तू असेल, तर फेकण्याआधी तिच्यावर कोण बसत असे, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. आणि पडद्यावर कुणी तुम्हाला घाबरवले, हसवले, तर तो घरी कोणत्या चेहऱ्याने जात असेल, याचा घडीभर विचार करा.

आणि जमले तर स्क्रूत तेलाचे दोन थेंब टाकून माझ्यावरचे कपडे बाजूला करा, मित्रांनो. कुणी दमून आले, तर त्याला टेकायला जागा असावी.