नोझलमधला दाणा

पांढरा, लांबट, एका टोकाला किंचित निमुळता... तांदूळच. नोझलच्या भोकातून टाचणीनं उकरून काढलेला तो दाणा पंचाक्षरीनं तळहातावर घेतला आणि कालपासून छातीत कोंडलेला श्वास सोडला — म्हणजे आपण बोललो ते काही अगदीच खोटं नव्हतं. मग त्यानं दाण्यावर नख दाबलं. दाणा फुटला नाही. दाताखाली धरला तर करकरला, आणि जिभेवर पिठाची नव्हे, चुन्याची चव उतरली.

तो मशीनपाशी तसाच उकिडवा बसून राहिला.

काल खंडेनवमी. बायको गीतांजली माहेरी उमरीला गेलेली, आणि तो डिझेल आणायला निलंग्यात. परत येऊन बघतो तर गाड्या धुवायच्या गरम पाण्याच्या मशीनवर विभूतीची तीन बोटं ओढलेली, झेंडूचं फूल ठेवलेलं, टाकीच्या झाकणावर अक्षता, आणि समोर वैनी हात जोडून उभ्या. मशीन थोरल्या भावाचं, संगमेश्वरअण्णाचं. अण्णा असताना दर खंडेनवमीला तोच पूजा करायचा आणि रत्नम्मावैनी मागं ताट धरून उभ्या राहायच्या. अण्णा गेल्यावर ताट गीतांजलीच्या हाती आलं. या वर्षी घरात कुणीच नाही, मशीन बिनपूजेचं कसं ठेवावं, एवढंच त्यांच्या मनात असणार. कुंकू तर त्यांनी वाहिलंही नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच मशीन बिघडलं. ऊसतोडीचा हार्वेस्टर धुवायला आलेला, अंगभर ग्रीसचे थर घेऊन. पंचाक्षरीनं गनचा खटका दाबला, तर गन हातात नुसती हिसके देऊ लागली, पाण्याची धार बारीक, पाणी कोमट, आणि बर्नर पेटतोय-विझतोय, पेटतोय-विझतोय. त्यानं टाकीचं झाकण उचललं. पाण्यावर दोन तांदूळ तरंगत होते. दोनच.

"ज्या हातानं सोताला कुंकू लावता येत न्हाई, त्यो हात मशीनला कशाला लावला, वैनी?"

हार्वेस्टरचा ड्रायव्हर मोबाइलमध्ये बघू लागला. झाकणावरच्या अक्षता वैनींनी एकेक करून वेचल्या, पदरात घेतल्या आणि घरात गेल्या.

मी तांदळाबद्दल बोललो होतो... पाण्यात कचरा गेला, एवढंच मला म्हणायचं होतं. मग कुंकू कुठून आलं तोंडात? तांदळाला का कुंकू लागतं?

सकाळपासून तो मशीन खोलत बसला होता. डिझेल होतं. ठिणगी पडत होती. टाकीतून पंपाकडं जाणाऱ्या नळीवरची जाळी काढून पाहिली — स्वच्छ. तिथंच थांबायला हवं होतं. त्या जाळीतून मोहरीसुद्धा जात नाही, मग तांदूळ जाईलच कसा? आणि हे आजच कळलं का त्याला? अण्णानं हीच जाळी त्याच्या हातात देऊन शिकवलं होतं... काल झाकण उचलताना हे ठाऊक होतं. आणि ठाऊक असलेलं कुठंतरी खाली दाबून, वर ते दोन तांदूळ धरून, तो बोलला होता.

आता नोझल काढून त्यानं गन मोकळीच बादलीत सोडली. पाणी धडधडत आलं, आणि निवलं तेव्हा तळाशी पांढऱ्या खपल्यांचा थर. बोअरचं खारट पाणी. आचेवर उकळून उकळून पाणी तापवणाऱ्या कॉइलच्या पोटात चढलेला खार. दसऱ्याआधी अण्णा कॉइलमधून ॲसिडचं पाणी फिरवायचा. यंदा हंगामाच्या गाड्या लवकर आल्या आणि पंचाक्षरीनं ते पुढं ढकललं होतं. वैनींनी आठवणही करून दिली होती एकदा, भाकरी वाढता वाढता — पंचाप्पा, ते धुवायचं ऱ्हायलं न्हवं? — आणि तो हं म्हणून उठला होता.

त्यानं ॲसिड ओतलं, पंप चालू केला. परतीच्या नळीतून पाणी दुधासारखं फेसाळत येऊ लागलं. वाफेचा, ओल्या तांब्याचा वास... बंबाचा. वैनी नव्या नवरी होऊन आल्या तेव्हा तो शाळकरी. आईनं त्यांना सांगितलं, ह्याला न्हाऊ घाल. चटका बसेल म्हणून तो ओरडत पळायचा. मग वैनी तांब्यातली धार आधी आपल्या मनगटावर घ्यायच्या, तिथं लाल व्हायचं, गार पाणी मिसळायच्या, पुन्हा मनगटावर, आणि मगच त्याच्या डोक्यावर. तोच हात. उजवा.

दुपारचा चहा वैनी रोज मशीनपाशी आणून देत. आज किटली दूर कुंपणाच्या दगडावर टेकवली.

"हितंच ठेवते रे. जवळ नको."

आवाजात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

उन्हं कलताना नळीतून नितळ पाणी आलं. त्यानं नोझल बसवलं, खटका दाबला. बर्नर एका दमात पेटला, धार सरळ, कडक, वाफाळती. वैनी उंबऱ्यात आल्या. उजवा हात पदराखाली होता.

"झालं चालू?"

"हाव."

"तांदूळच होता का रे, पंचाप्पा?"

न्हाई. एवढा एकच शब्द पुरला असता. शर्टाच्या खिशात नोझलमधला तो खडा होता, नुसता काढून दाखवला असता तरी चाललं असतं. त्यानं पुन्हा खटका दाबला. धारेच्या आवाजात सगळं बुडालं, आणि वाफेआडून त्यानं पाहिलं — वैनी मान हलवत होत्या. सावकाश, समजल्यासारखी. काल हात लागला, मशीन बंद पडलं. आज त्या लांब राहिल्या, मशीन चालू झालं. त्यांचा हिशेब जुळला होता. आता गीतांजलीच्या ओटीला, घरातल्या बारशाला, कशालाच तो हात पुढं येणार नव्हता.

त्यानं खटका सोडला. नोझलमधून थेंब गळत राहिले. मशीनवरची विभूतीची तीन बोटं धुऊन गेली नव्हती. तापलेल्या पत्र्यावर ती उलट जास्तच पांढरी दिसत होती.

"वैनी, तांदूळ न्हवता," तो म्हणाला. "खार होता. बोअरच्या पाण्याचा."

त्या जरा थांबल्या. मग हलकंच म्हणाल्या, "आसंल." पण हात पदराखालीच राहिला.

तेव्हा त्याला कळलं की बोलून झालं ते नोझलपुरतंच. तोंडात अजून चुन्याची चव होती, आणि कालच्या कुंकवाबद्दल जे बोलायचं राहिलं होतं त्याला तांदूळ, खडा, पाणी यांतलं काहीच लागणार नव्हतं. गन हातात धरून तो उभा राहिला. वैनी उंबऱ्यातून आत वळल्या नव्हत्या... अजून वळल्या नव्हत्या.