पाच दिवस एकच आकडा

दामिनीने सत्तावीस मेच्या रकान्यात ४६.२ आणि २८.६ हे दोन आकडे भरले आणि तळाची सरासरी बदलली. ३६.६. तिने ओढणीच्या टोकाने घाम पुसत मनातल्या मनात वजाबाकी केली. अमृतरावांचा अंदाज ३६.२ होता, तिचा ३६.९. महिना संपायला चार दिवस राहिले असताना, आज पहिल्यांदा, तिचा आकडा सगळ्यांत जवळ आला होता.

लगेच फोन वाजला. ‘पारा’ ग्रुपवर अमृतरावांचा मेसेज होता.

“दामिनी म्याडम पुढं निंगाल्या! आमचं दुकान बंद.”

हर्षदीपने खाली लिहिलं, “काका, कूलरचं गवत इकून हवामान कळत नसते.”

“काऊन नसते? एप्रिलातच गवत सरलं का समजून घ्या, मे तापते. तुह्या मोबाइलपेक्षा माह्यं गवत भारी हाये.”

ग्रुपमध्ये चौघंच होते. गुडीहत्नूरला कूलर-पंख्यांचं दुकान चालवणारे अमृतराव, जैनथचा हर्षदीप, आदिलाबादच्या मातीपरीक्षण केंद्रात काम करणारी दामिनी आणि ज्यांनी या तिघांना हे वेड लावलं ते माणिकराव सर. सर जैनथच्या पुढच्या गावात राहत. मराठी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. त्यांच्या अंगणात कडुनिंबाखाली चार पायांवर उभी एक पांढरी झडपांची पेटी होती आणि पेटीत कमाल-किमान तापमापी. तीस एप्रिलला चौघांनी मे महिन्याच्या सरासरीचा अंदाज सांगायचा आणि महिनाभर सरांच्या पेटीतला आकडा प्रमाण मानायचा, असा नियम होता. सर रोज सकाळी आठला पेटी उघडत आणि दोन आकडे पाठवत. जो जिंकेल त्याचं नाव आणि साल ते पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहीत. त्या दारावर दामिनीचं नाव अजून एकदाही आलं नव्हतं.

तिने ग्रुपवर एक हसरा चेहरा पाठवला आणि पुन्हा तक्त्याकडे पाहिलं.

तेवीस तारीख, ४६.२ आणि २८.६. चोवीस, तेच. पंचवीस, तेच. सव्वीस, तेच. आज, तेच.

हे तिच्या आजच लक्षात आलं असं नव्हतं. पंचवीसलाच तिची नजर त्या ओळींवर अडखळली होती. पण सरासरी वर चढत होती, तिच्या आकड्याकडे येत होती. ऊन टिकून आहे, असं तिने स्वतःला सांगितलं होतं आणि तक्ता मिटला होता.

आज तिने तो मिटला नाही.

सर काडी उतरवायला विसरत असतील, हा पहिला विचार. त्या तापमापीच्या वाकड्या नळीत पाऱ्यावर दोन बारीक लोखंडी काड्या असतात. पारा काडीला ढकलतो, मागे सरकतो, पण काडी तिथेच अडकून राहते. एक काडी दिवसाचा सगळ्यात जास्त आकडा दाखवते, दुसरी सगळ्यात कमी. रोज वाचून झालं की काचेवरून चुंबक फिरवून दोन्ही काड्या पुन्हा पाऱ्याला टेकवायच्या. ते विसरलं, तर तापमापी उलटून गेलेलं ऊन रोज नव्याने दाखवत राहते. सरांचं वय अडुसष्ट. होतं असं.

तिला बरं वाटलं. क्षणभरच.

चोवीसच्या संध्याकाळी पेनगंगेकडून वावटळ उठली होती. हर्षदीपने आडव्या पडलेल्या बाभळीचा फोटो टाकला होता. आदिलाबादेत पत्रे उडाले होते आणि त्या रात्री, महिन्यात एकदाच, दामिनी अंगावर चादर घेऊन झोपली होती. खिडकीतल्या तिच्या साध्या तापमापीत पहाटे पंचवीसच्या आसपास पारा होता. मग सरांच्या पेटीतली कमीची काडीही त्या आकड्यापर्यंत सरकायलाच हवी होती. उतरवायचं विसरलं, तर जास्तीची काडी वर अडकून राहील. कमीची काडी गारव्यात आपोआप कमी आकड्याकडे सरकेल. ती २८.६ वर थांबूच शकत नाही.

म्हणजे पेटी कुणी उघडतच नव्हतं. कुणीतरी न पाहता आकडे पाठवत होतं.

तिने सरांना फोन लावला. बऱ्याच वेळाने उचलला गेला.

“हॅलो.” आवाज कुसुमबाईंचा होता, सरांच्या बायकोचा.

“काकू, दामिनी बोलते. सर आहेत?”

“निजले हायेत.”

“आत्ता? साडेआठ वाजलेत.”

फक्त कूलरची घरघर.

“काकू, बरं आहे ना सगळं?”

“निजले हायेत म्हनलं ना,” कुसुमबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दामिनीने केंद्रातल्या मॅडमना सुट्टीचा मेसेज केला. पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या. आणि मग तिला दुसरी गोष्ट आठवली, जी ती सकाळपासून आठवू देत नव्हती. बावीस तारखेपासून दुपारी तीनचं वाचन आलं नव्हतं.

ते वाचन तिनेच मागितलं होतं. तिचं म्हणणं असं, की कडुनिंब फार वाढलाय, त्याची सावली पेटीवर येते, आकडे थोडे कमी पडत असतील. तिने बारा तारखेला ग्रुपवर लिहिलं होतं, ‘सर, दुपारी तीनला सावलीबाहेरचंही एक वाचन घ्याल का? फक्त दहाच दिवस. फरक काढता येईल.’ सरांनी अंगठा पाठवला होता. त्या दिवसापासून रोज तीन वाजून दोन-तीन मिनिटांनी आकडा यायचा. एकवीसपर्यंत दहा आकडे झाले. बावीसला आला नाही, तेव्हा तिला वाटलं, दहा दिवस संपले, सरांनी नेमकं मोजलं. तरी एकवीसच्या रात्री तिनेच लिहिलं होतं, ‘अजून एक मिळाला तर बरं, सर. उद्या खूप तापणार आहे.’

जैनथच्या बसमध्ये खिडक्यांना कोणी पडदे म्हणून टॉवेल बांधले होते. वारा यायचा तो भट्टीचं दार उघडल्यासारखा. पुढच्या सीटवरच्या बाईने लेकराच्या डोक्यावर ओलं फडकं टाकलं होतं आणि ते सुकलं की ती पुन्हा बाटलीतून चार थेंब सोडत होती. दामिनी ते फडकं किती मिनिटांत सुकतं हे मोजू लागली, आणि मग तिने मोजणं थांबवलं.

जैनथहून तिने ऑटो केला.

“सरच्या घरी?” ऑटोवाल्याने मागे वळून पाहिलं. “कोन लागता तुमी त्याईच्या?”

“विद्यार्थिनी. का?”

“काही नाही. जा, पाहून या,” तो म्हणाला आणि ऑटो सुरू केला.

फाटक नुसतं लोटलेलं होतं. अंगणात कुणी नव्हतं. दारं-खिडक्यांना ओली पोती लावली होती, त्यांतून पाणी ठिबकत होतं. कडुनिंबाखाली पेटी उभी होती. आणि सावलीच्या दहा पावलं पलीकडे, ऐन उन्हात, एक बांबू रोवलेला होता. दामिनी तिथवर गेली. बांबूला सुतळीचं टोक लोंबत होतं आणि खाली मातीत फुटलेल्या तापमापीचे काचेचे तुकडे पडले होते. तिच्यातल्या तांबड्या द्रवाचा डाग केव्हाच वाळून गेला होता. सावलीबाहेरच्या वाचनासाठी ती हातातली तापमापी तिनेच सरांना आणून दिली होती.

तिने मागे येऊन पेटीचं दार उघडलं. जास्तीची काडी ४६.२ वर. कमीची २५.४ वर. तिचा हिशोब बरोबर निघाला होता. आजवर तिचा हिशोब बरोबर आला की तिला आनंद व्हायचा.

“आली व?”

कुसुमबाई दारात उभ्या होत्या. हातात ओला टॉवेल. डोळ्यांखाली काळं.

“काकू, सर?”

“हायेत. घाबरू नको. हायेत.” त्या ओट्यावर बसल्या. “बावीसला पडले. पेटी पाहून बांबूपाशी गेले, तिथंच. मी आतमंदी भाकरी करून राह्यली होती. आवाज आला नाही का काही नाही. बाहेर येऊन पाहतो तं अंग तव्यावानी. शेजारच्यानं ऑटोत टाकलं, आदिलाबादले नेलं. सारा रस्ता येकच बडबड, सेहेचाळीस पॉइंट दोन, सेहेचाळीस पॉइंट दोन.”

“आदिलाबादला? काकू, मी तिथंच होते. मला एक फोन—”

“दोन रात्री होतो दवाखान्यात. बर्फावर ठेवलं त्याईले.”

दामिनी खांबाला टेकून उभी राहिली. दवाखाना तिच्या खोलीपासून चालत वीस मिनिटांवर होता. त्या दोन सकाळी तिने आकडे भरले होते आणि चहा घेतला होता.

“आता कसे आहेत?”

“वाचले. डॉक्टर म्हनते, डोक्याले ऊन लागलं. मानूस वळखतात. तारीख नाही वळखत. बावीसच हाये अजून.” कुसुमबाईंनी टॉवेल पिळला, पाणी ओट्यावर सांडू दिलं. “रोज उठून बसतात. तीन वाजले म्हनतात. मंग सकाळचे आठ असो का रातचे आठ. ‘पोरीले आकडा द्याचा हाये,’ म्हनतात अन् दाराकडं निंगतात. कालच्याले उंबऱ्यापर्यंत गेले. मी बाहेरून कडी लावतो.”

अंगणात एक कावळा चोच उघडी टाकून बसला होता. पाण्याची बाटली पिशवीत होती, पण तिने ती काढली नाही.

“काकू,” ती म्हणाली, “ती पोरगी मीच. मीच सांगितलं होतं सरांना—”

“मालूम हाये मले.” आवाज चढला नाही. “आकडा धाडाले फोन उघडला का वरचं सारं दिसते. वाचता येते मले.”

त्या उठल्या. पेटीपाशी आल्या. गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला ओढून त्यांनी चुंबक बाहेर काढला. सरांचा चुंबक, जो सर अंघोळीलाही गळ्यातून काढत नसत. त्यांनी तो काचेवर टेकवला आणि जास्तीची काडी हळूच खाली आणली, घाई न करता, अगदी पाऱ्याला लागेपर्यंत. मग कमीची. मग नखाने काचेवर दोनदा टिचकी मारली, काडी नीट बसली का पाहायला. सर मारायचे तशीच.

दामिनी पाहत राहिली.

“तुम्हाला येतं हे?”

“अठरा वर्सं झाले पाहून राह्यली. न याले काय झालं?”

“मग रोज तोच आकडा…”

“वरचा त्याईच्या तोंडचा, खालचा बावीसच्या सकाळचा, असा दवाखान्यातून दोन दिस धाडला. घरी आल्यावर बी तोच धाडला. पेटी उघडलीच नाही.” कुसुमबाईंनी पेटीचं दार लावलं. आतल्या बाजूची पेन्सिलीने लिहिलेली नावं अंधारात गेली. “म्हनलं, कोनाच्या ध्यानात येते ते पाहू. आकड्याची लय हौस ना तुमाले.”

त्यांनी दामिनीकडे पाहिलं.

“पाच दिस लागले तुले.”

तेवढ्यात पोत्याआडून आवाज आला. ओळखीचाच, पण शब्द एकमेकांना चिकटलेले.

“कि-ती?”

कुसुमबाई ताठ झाल्या. “पेटीचा आवाज ऐकला त्याईनं,” त्या हळू म्हणाल्या. “मी त्याईले रोज तेच सांगतो. सेहेचाळीस दोन. ऐकलं का गप पडतात. दुसरं काही सांगितलं तं उठून पाहाले येतात.”

“किती आले?” पुन्हा आतून. बाज करकरली.

कुसुमबाईंनी घराच्या दारापाशी जाऊन कडीवर हात ठेवला. “सांग,” त्या म्हणाल्या. “तुह्यासाठीच तं घेतला होता.”

दामिनीने आयुष्यात खोटं वाचन कधी सांगितलं नव्हतं. प्रयोगशाळेत एका दशांशासाठी ती नमुना पुन्हा तपासायची. काड्या आत्ताच उतरवलेल्या होत्या आणि पारा एकेचाळीसच्या जरासा वर होता, तिने तो पाहिला होता.

“सेहेचाळीस पॉइंट दोन, सर,” ती म्हणाली.

बाज थांबली. पोत्यांतून पाणी ठिबकत होतं.

“अन् तीनचं?” सरांनी विचारलं. पावलं जमिनीला टेकल्याचा आवाज झाला. “तीनचं राह्यलं ना.”

कुसुमबाईंची बोटं कडीवर घट्ट झाली.

“तीनचं मी घेते, सर,” दामिनी म्हणाली. “तुम्ही पडून राहा. मी आहे इथंच. मी घेते.”

मग बाज एकदा करकरली, वजन पुन्हा टेकल्यासारखी. कुसुमबाईंनी कडीवरून हात काढला. आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि तिच्या हातात न देता ओट्यावर ठेवला.

दामिनीने घड्याळ पाहिलं. साडेअकरा झाले होते. बांबूची सावली त्याच्याच बुडाशी, वीतभरही नव्हती.