पिवळी भिंत

अण्णा रंगारी. उभा जन्म लोकांच्या भिंती रंगवण्यात गेला, त्यामुळे घर लक्षात ठेवायचं ते रंगावरून, ही त्यांची खोड. पाट्याबिट्या कोण वाचतं? गावात ही खोड खपून गेली. या अफाट शहरात मात्र तिनं त्यांचा पार निकाल लावला.

लेकीला भेटायला आले होते, एकटेच. तिनं मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून यांनी तोंड फिरवलं, लग्नाला गेले नाहीत, पुढं वर्षानुवर्षं अबोला धरला. बायको गेल्यावर ताठा गळाला आणि यांनीच फोन केला. लेक म्हणाली, "घरी नको, इतक्यात नको. लॉजवर खोली बघते. दुपारी चारला मी येते, तिथं बोलू." एवढंच. पण तेवढ्यानंच अण्णांना आभाळ ठेंगणं झालं.

पहाटे लेकीनं ठरवून दिलेल्या टॅक्सीनं लॉजच्या दारात सोडलं. चारपर्यंत खोलीत बसून करायचं काय? फोन चार्जिंगला लावला, किल्ली काउंटरवर दिली आणि पाय मोकळे करायला निघाले. निघताना समोरची इमारत तेवढी नीट बघून ठेवली. पिवळीधमक भिंत, लांबूनही चुकायची नाही. आणि लॉजचं नाव? ते कशाला बघतील हे गृहस्थ!

सकाळ मजेत गेली. नदीवरचा पूल चालून झाला, काचेच्या उंच इमारतींकडे मान अवघडेपर्यंत बघून झालं. बागेतल्या बाकावर बसून लेकीशी काय बोलायचं ते घोकलंही.

उन्हं कलल्यावर परत फिरले, तर पिवळी भिंत कुठं दिसेना. या गल्लीतून त्या गल्लीत, सगळ्या इमारती एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं अशा. सकाळी बंद असलेली दुकानं आता फुटपाथभर पसरलेली. पोलिसाला विचारलं, "पिवळ्या भिंतीसमोरचं लॉज कुठंय हो?" तो म्हणाला, "नाव सांगा." फुलवाली म्हणाली, "काका, इथं गल्लोगल्ली लॉज आहेत." लेकीचा नंबर फोनमध्ये आणि फोन खोलीत. आता बोला!

चार वाजून गेले तशी अण्णांच्या जिवाची घालमेल सुरू झाली. एका वळणावर परांचीवर चढून काही जण भिंतीला राखाडी रंगाचा दुसरा हात देत होते. जीव टांगणीला लागलेला, तरी पाय थबकलेच. रंगाचे ओघळ येत होते. "अरे, पाणी जास्त झालंय त्यात!" अण्णा खालून ओरडले. मग स्वतःवरच चिडले. तिकडं पोरगी वाट बघतेय आणि मी इथं कसल्या पंचायती करतोय! तरातरा पुढं निघून गेले.

दिवेलागणीला भटकून भटकून पुन्हा तिथंच आले. पायांचे तुकडे पडले होते. एक रंगारी खाली बसून ब्रश धूत होता.

"काका, मघाशी तुम्हीच ओरडलात ना? काय शोधताय?"

"पिवळी भिंत रे बाबा."

"मग हीच की! सकाळी आम्ही हात लावला तेव्हा पिवळीच होती."

अण्णांनी गर्रकन मागं वळून बघितलं. दोन दुकानांच्या मधे लॉजचं ते अरुंद दार होतं आणि आत जिना.

काउंटरवरचा माणूस म्हणाला, "तुमची मुलगी येऊन गेली. वर खिडकीशी बसली होती बराच वेळ. मग धावत खाली उतरली, रस्त्यावर इकडंतिकडं बघितलं आणि रडत निघून गेली."

खोलीत जाऊन त्यांनी फोन लावला.

"अगं, मी..."

"काही सांगू नका, अण्णा. मी खिडकीतून बघितलंय तुम्हाला. लॉजसमोर येऊन उभे राहिलात, माझ्याकडं पाठ करून. मी हाका मारल्या. तुम्ही निघून गेलात."

"अगं, गाड्यांच्या आवाजात ऐकू नाही आलं गं! मला लॉजच सापडत नव्हतं. समोरची भिंत पिवळी होती, ती त्यांनी रंगवली..."



"आयुष्यभर भिंती रंगवल्यात, अण्णा. आणि डोळ्यांसमोर रंगवली जात असलेली भिंत तुम्हाला ओळखू आली नाही?"

तिनं फोन ठेवला. अण्णांनी पुन्हा लावला, पुन्हा लावला. त्यांचं अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि ते तिला पटावं असं त्यांच्यापाशी दुसरं काहीही नव्हतं.