कच्चे सत्तर ग्रॅम

मित्रांनो, कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, रिकाम्या बरण्यांच्या मागे जी पांढरी चपटी वस्तू धूळ खात पडली आहे, ती मी. मी स्वयंपाकघरातला एक जुना वजनकाटा आहे. नावात काटा असला तरी मला काटा नाही. पोटात दोन बॅटऱ्या, कपाळावर छोटा पडदा आणि शून्याचं एक बटण, एवढाच माझा संसार. मला फक्त आकडे बोलता येतात. त्यामुळे आयुष्यात माझं कोणाशी भांडण झालं नाही. पण त्याच कारणाने एका बाईंना दोन आठवडे अर्धपोटी राहावं लागलं, आणि ते मला अजून विसरता येत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे हातमोजे घातलेली एक मुलगी आमच्यापैकी प्रत्येकावर पितळेचं वजन ठेवी. ज्या भावंडांनी एका ग्रॅमची थाप मारली, ती सरळ मोडीच्या खोक्यात गेली. मी बरोबर पाचशे म्हणालो आणि पास झालो. प्रामाणिकपणाचं एवढं रोख बक्षीस पुढे मला कधी मिळालं नाही.

मला घरी आणलं ते एका म्हाताऱ्या शिंप्याने. गल्ली त्यांना मास्तर म्हणे आणि त्यांच्या बायकोला काकू. दुकान त्यांनी बंद केलं होतं, पण मापाची टेप गळ्यात तशीच असे. ती काढली तर मान हलकी होऊन डुलते, असं ते सांगत. मास्तरांना तोवर स्वयंपाकातलं फक्त जेवायला येत होतं. पण काकूंचं हृदय दुखणाईत झालं. ऑपरेशन करायचं ठरलं, आणि डॉक्टरांनी काकूंना वजनकाट्यावर उभं करून मान हलवली. एक्केचाळीस किलो पाचशे. त्रेचाळीस भरल्याशिवाय मी हात लावणार नाही, म्हणाले. मुदत दोन महिन्यांची. त्याहून जास्त वाट पाहायची त्या हृदयाची तयारी नव्हती.

मग रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी एक तक्ता दिला. कोणता पदार्थ किती ग्रॅम खायचा आणि त्यातून किती कॅलरी मिळतील, सगळं त्यात होतं. कॅलरी म्हणजे, मित्रांनो, अन्नातून मिळणारी ताकद मोजायचं माप. मास्तर रोज संध्याकाळी दूरच्या शहरातल्या लेकीला फोनवर आकडे वाचून दाखवत आणि ती ते स्वतःच्या फोनमध्ये भरी. बेरीज रोज झक्क जमे.

ते दिवस माझ्या वैभवाचे होते. मास्तर चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून माझ्यावर वाकत. फुंकरीचं वजन येऊ नये म्हणून श्वास रोखून धरत. वाटी ठेवून शून्याचं बटण दाबायला ते एकदाही विसरले नाहीत. भात सत्तर ग्रॅम हवा असताना मी एक्काहत्तर म्हणालो, तर दोरे उपटायच्या चिमट्याने शितं उचलायला बसत. नंतर मला मऊ कापडाच्या तुकड्याने पुसत. एवढी माया कारखान्यातसुद्धा नव्हती.

आता चूक सांगतो. तक्त्याच्या तळाशी एक ओळ होती: सर्व वजने कच्च्या पदार्थांची. मास्तरांनी ती वाचली आणि गालातल्या गालात हसले. बाईंनी कधी सुई हातात धरलेली दिसत नाही, म्हणाले. कोरं कापड मापून कापणारा शिंपी पहिल्याच धुण्यात तोंडावर पडतो. आधी कापड भिजवायचं, आटू द्यायचं, मगच टेप लावायची. पाण्यातून निघाल्यावर जे उरतं ते खरं माप. चाळीस वर्षं ज्या नियमाने गल्लीला कपडे घातले, त्याच नियमाने त्यांनी तांदूळ आधी शिजवला, मसूर आधी शिजवली, आणि मग मोजली.

कापड पाण्यात आटतं आणि तांदूळ फुगतो. कच्च्या सत्तर ग्रॅम तांदळाचा भात दोनशेच्या घरात जातो. मास्तर वाढत होते सत्तर. मी खोटं बोललो नाही, मित्रांनो. माझ्यावर ठेवले ते सत्तरच होते. नुसतं खरं बोलून माणसाला उपाशी ठेवता येतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

पहिल्या आठवड्यात काकूंना भूकच नव्हती, तेव्हा काही कळलं नाही. दुसऱ्या आठवड्यात ती परत आली. काकू चमच्याने ताटली खरवडत आणि मास्तर खूश होऊन सांगत सुटत, आमच्याकडे ताटल्या घासाव्या लागत नाहीत. एकदा ते गच्चीवर कपडे वाळत घालत होते. काकू हळूच ओट्याशी आल्या. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं, चमचा भरला. मग भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं, आणि भरलेला चमचा परत पातेल्यात ठेवला. मी शेजारीच होतो. पण मला तेव्हा फक्त शून्य म्हणता येत होतं.

पुढच्या तपासणीला वजन भरलं चाळीस किलो आठशे. मास्तर घरी आले ते थेट माझ्यावर. मिठाचा न फोडलेला किलोचा पुडा आणून त्यांनी तो माझ्या उरावर ठेवला. मी एक हजार चार म्हणालो. वरचे चार पिशवीचे. मास्तरांचा चेहरा पडला. मी लबाड निघालो असतो तर त्यांना बरं वाटलं असतं.

त्या दुपारी लेकीने फोनवरून जेवण बघायला मागितलं. मास्तरांनी फोन ताटलीवर धरला.

"बाबा, हे चाखायला काढलंय का?"

"चाखायला कशाला? सत्तर ग्रॅम आहे. शीत इकडचं तिकडे नाही."

"शीत?" लेक थांबली. "बाबा, तुम्ही भात मोजता?"

"मग काय मोजू?"

"तांदूळ. कच्चे. खाली लिहिलंय की."

फोन ओट्यावर ठेवून मास्तर स्टुलावर बसले आणि गळ्यातल्या टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. मग काकूंना म्हणाले, "मी तुला दोन आठवडे उपाशी ठेवलं."

"उपाशी कसलं? जरा भूक राहायची, एवढंच."

"मग बोलली का नाहीस?"

"अहो, तुम्ही चिमट्याने शितं वेचत होता," काकू म्हणाल्या. "एवढं वाकून माझ्यासाठी कोणी काही केलं नव्हतं. त्यावर अजून द्या कसं म्हणू?"

मास्तर चष्मा काढून पुसायला लागले. काकूंनी ताटली पुढे सरकवली.

"आता तो पुसू नका. तसेच वाढा. कमी दिसलं म्हणजे जास्त पडेल."

त्यानंतर मी कच्चे तांदूळ मोजले, कच्ची मसूर मोजली. आठव्या आठवड्यात काकू त्रेचाळीस किलो दोनशे भरल्या, तेही चपला काढून. ऑपरेशन झालं. त्या घरी आल्या, चालायला लागल्या, स्वयंपाकघर त्यांनी परत ताब्यात घेतलं. त्या मुठीने मोजतात. माझी रवानगी वरच्या फळीवर झाली.

माझी तक्रार नाही, मित्रांनो. दोनच विनंत्या आहेत. आम्हाला वर ठेवताना आमच्या बॅटऱ्या काढून ठेवा, आत गळतात आणि फार जळजळतं. आणि खाली असू तेव्हा आम्हाला जरूर विचारा, नीट वाकून विचारा. पण मग मान वर करून ज्याच्यासाठी मोजलं त्यालाही विचारा. पोट भरलं का, हे आमच्या पडद्यावर उमटत नाही.

खाली रोज दुपारी मास्तर विचारतात, अजून वाढू का? काकू नको म्हणतात. ते पुन्हा विचारतात. एकदा सांगितलं ना, म्हणून त्या करवादतात. मग चमचा पातेल्याला लागल्याचा आवाज येतो. किती ग्रॅम वाढलं, ते कोणी मला विचारत नाही.