आडवे तुकडे

बायको अंथरुणाला खिळली त्या वर्षी रताळ्याचे वेल मी लावले. एरवी ते तिचं काम. माझं काम म्हणजे पुस्तक वाचणं आणि तिने हाक मारली की पाण्याची नळी पुढे सरकवणं.

"तुकडे आडवे पुरा," ती पलंगावरून म्हणाली. "पेरं मातीत, शेंडा बाहेर. खुंट्या ठोकल्यासारखे उभे खुपसू नका."

वाचनालयातल्या एका पुस्तकात होतं, उभे लावले तर रताळी थोडी धरतात, पण मोठी होतात. मी एका वरंब्यावर आडवे तुकडे लावले, दुसऱ्यावर उभे. वीस-वीस. कधीतरी एखादी गोष्ट स्वतः करून पाहावी, एवढंच मनात असावं. नक्की सांगता येत नाही.

"सगळे आडवेच ना?" तिने संध्याकाळी विचारलं.

"हो."

काढणीच्या दिवशी दोन्ही ढीग तिच्यापुढे ठेवून खरं सांगायचं, असं ठरवलं होतं. तिचा ढीग मोठा निघेल, ती मला फैलावर घेईल आणि विषय मिटेल.

काढणीच्या सात आठवडे आधी ती गेली.

धाकटी मेहुणी कुदळ घेऊन आली. तिला मी वरंब्यांचं सांगितलं. "हो"चं सांगितलं नाही. आडव्या वेलांखाली मुठीत मावतील अशी पाच-पाच, सहा-सहा रताळी होती. उभ्यांखाली दोन, कुठे एकच.

"अगंबाई! भाऊजी, हे रताळं आहे की उशी? कुठल्या पातेल्यात मावायचं?" ती हसली, मग माझ्याकडे बघून तिने कुदळ पुन्हा उचलली. मला हसायला हरकत नव्हती. आलं नाही, इतकंच.

दोन्ही ढीग मी काट्यावर ठेवले. आडवे अकरा किलो. उभे साडेअकरा. काटा जुना आहे. पुन्हा ठेवले. तेच.

"कुणाचं जास्त भरलं?" वेल गोळा करता करता तिने विचारलं.

"तिचं."

"वाटलंच मला. ताईचा हातच तसा." तिने कात्रीने वेलाचे वीतभर तुकडे केले आणि जुडी माझ्या हातात दिली. "मग या खेपेला सगळे आडवेच लावाल ना?"

"हो," मी म्हणालो, आणि वाकून माती मोकळी करायला लागलो.