खांद्यांसाठी केलेलं छत

पत्रक १. छत, सध्या आहे तसं

पांढऱ्या चौकोनी फळ्या. एकशे ऐंशी. त्यातल्या तीन ओल्या. खाली एका जहाज कंपनीचं ऑफिस: राइटसन रोड, तिसरा मजला, बत्तीस टेबलं, खिडकीत गोदी.

मी थोरा. ऑफिसं आतून सजवते; ही पत्रकं माझ्या आराखड्याची. हे माझं पहिलं मोठं काम. कंपनीच्या पत्रात लिहिलं होतं की सजावट 'आपल्या शहराच्या इतिहासातून आणि संस्कृतीतून आलेली' हवी. असं सगळेच लिहितात. मग कोपऱ्यात एक स्टीलपॅन, म्हणजे इथलं पिंपाचं वाद्य, ठेवतात आणि त्यात झाड लावतात.

पत्रक २. छत, मी बोलून बसले तसं

तीन संचालकांसमोर मी म्हणाले, "झाड नको. वर बेलमॉन्ट वस्तीतल्या कारागिरांची तार लावू. बारा पेलिकन, गोदीवर बसतात तसले, पण उडणारे. कार्निव्हलच्या सोंगांचे सांगाडे वळवतात ना, त्याच हाताचे."

मोठे साहेब, मिस्टर लेझामा, म्हणाले, "टिकेल किती?"

"पुष्कळ."

हे मी कशाच्या जोरावर म्हणाले, देव जाणे. कार्निव्हलची वस्तू दोन दिवसांसाठी असते. सोमवार, मंगळवार. बुधवारी, उपासाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राख घेऊन चर्चमधून बाहेर पडावं तर तीच वस्तू गटाराकडेला उताणी पडलेली असते, आणि दुपारी कचऱ्याच्या गाडीत. माझ्या मामानं, कार्लाइल अंकलनं, पन्नास वर्षं तार वळवली. राजे, खेकडे, वटवाघळं, एकदा अख्खं गलबत. त्यातलं आज काय आहे? एक फोटो. त्यातही त्याचे डोळे मिटलेले.

एक तरी राहावं. मला एवढंच हवं होतं.

लेझामांनी अट घातली. एक पेलिकन नमुन्याला आणायचा, येत्या चौथ्या गुरुवारी, दहा वाजता. पसंत पडला तर बाकीचे अकरा. नाहीतर बाहेरच्या देशातून पत्र्याचे तयार पक्षी येतील. नमुन्यांच्या पुस्तकातलं ते पान त्यांनी चिठ्ठी घालून ठेवलं होतं.

पत्रक ३. बेलमॉन्ट, अंगण (प्रमाणात काढलेलं नाही)

"अंकल, काम आहे."

"कार्निव्हल होऊन महिना झाला. उशिरा जागी झालीस."

"ऑफिसचं छत करायचंय."

"मी गवंडी आहे का गं?"

"तारेचं छत. पेलिकन. बारा."

त्यानं खुर्ची मागे रेलली. सहा वर्षांत त्याच्याकडे काम घेऊन कुणी आलं नव्हतं. आताची पथकं पोशाख खोक्यातून मागवतात. ("पिसं लावलेली चड्डी," अंकल म्हणतो. "तिला तार कशाला लागते? तिला नुसती लाज सोडावी लागते.")

"पक्कड आहे का अजून, की गंजली?" मी मुद्दाम विचारलं.

"पक्कड नाही गंजत, डूडू. गिऱ्हाईक गंजतं."

लहानपणापासून तो मला लाडानं डूडू म्हणतो. रागावला की थोरा, फार रागावला की मिस थोरा. आता डूडू म्हणाला, म्हणजे काम घेतलं होतं.

पत्रक ४. पेलिकन, माझं रेखाटन

रद्द. अंकलनं मासा खाऊन त्याला हात पुसले.

पत्रक ५. पेलिकन, त्याचं रेखाटन

अंगणातल्या सिमेंटवर, खडूनं. कोंबड्या त्यावरून चालत होत्या आणि तो त्यांना शिव्या देत देत पुन्हा काढत होता. माझ्या वाट्याला एवढंच आलं. "पूर्ण झाल्याशिवाय यायचं नाही," तो म्हणाला. "मी शिजवत असताना भांड्यात डोकावणारी माणसं मला आवडत नाहीत."

अठ्ठ्याहत्तर वय, एक गुडघा कामातून गेलेला. तरी अकरा दिवसांत निरोप आला: गाडी पाठव.

पत्रक ६. गुरुवार, दहाला दहा कमी

चार दोऱ्यांवर आम्ही तो टांगला. लांबच लांब पंख, गळ्याखाली ती मोठी पिशवी, सगळं उघड्या तारेचं. एकही सांधा वेडावाकडा नाही. जमिनीवर होता तोवर मी श्वास रोखून त्याच्याकडे पाहत होते.

वर गेला आणि मेला.

खरंच. पंख लोंबले. चोच छातीत रुतली. वाऱ्यावर नाही, पाण्यावर नाही, नुसता लटकलेला.

पत्रक ६, सुधारणा अ. (नुसतं बोलणं, काढण्यासारखं काही नाही)

"छान आहे," मिस्टर लेझामा म्हणाले. ते 'छान' मी ओळखते. लग्नात न आवडलेल्या नवरीला म्हणतात ते.

"अजून जरा ताण दिला, की..." मी.

"कोळ्यानं जाळं वाळत घातल्यासारखं दिसतंय. आणि पोटात हे काय आहे? बैलाचं जू?"

मी खालून पाहिलं. पक्ष्याच्या पोटात तारेच्या दोन कमानी होत्या, त्यांवर स्पंज गुंडाळलेला, मागे-पुढे पट्टे.

"अंकल, हे काय?"

"खांदे."

"छताला खांदे कुठे असतात?"

अंकलनं वर पाहिलं.

"हात आपला चालत गेला, पोरी," तो म्हणाला. "पन्नास वर्षं खांद्यापासून सुरुवात केली. मला कळलंसुद्धा नाही."

लेझामांनी पुस्तक उघडलं. चिठ्ठी खाली पडली. ती त्यांनी उचलली नाही.

पत्रक ६, सुधारणा ब

"खाली घ्या," अंकल म्हणाला.

"हो, काढूनच घ्या," लेझामा म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नका, पण..."

"काढा नाही म्हणालो. खाली घ्या म्हणालो. त्याच्या पोटात माणूस नाही म्हणून तो मेलाय. माझी चूक आहे ती, तारेची नाही."

दोऱ्या सैल केल्या. अंकल आत शिरायला वाकला आणि गुडघ्यानं दगा दिला. मी धावले, पण माझ्या आधी टेलिफोनवरच्या मिस यूलाली पोचल्या. वय एकसष्ट, ऑफिसात सगळ्यांत जुन्या, साहेबांनाही 'बाळ' म्हणणाऱ्या.

"सरक, कार्लाइल. गुडघा आणि तोरा दोन्ही एकदम उचलायला जाऊ नये."

"तुम्ही कोण?"

"घ्या! ब्याऐंशीच्या कार्निव्हलला मी तुझी खेकडीण होते. दोन दिवस सवाना मैदानाच्या उन्हात नाचले आणि खांद्यावर वळसुद्धा उठला नाही. विसरलास?"

अंकलनं त्यांच्या तोंडाकडे नाही, खांद्यांकडे पाहिलं.

"डावा जरा खाली," तो म्हणाला. "आठवलं."

मिस यूलालींनी बूट काढले. आत शिरल्या. अंकलनं पट्टे आवळले, एक कमान अंगठ्यानं दाबून थोडी उघडली आणि मागे सरकला.

"उड्या मारू नकोस. पाय घासत चाल. रस्त्यावर चालतेस तसं."

त्या चालल्या.

पत्रक ६, सुधारणा क. (हे मला काढता आलेलं नाही)

खांद्याजवळ जाड तार, मध्ये मध्यम, टोकाला केसासारखी. माणसाचा खांदा खाली गेला की पंखाचं मनगट वर, आणि मनगटामागून अर्ध्या पावलानं पंखाचं टोक. तिसऱ्या पावलाला चोच वर आली. पाचव्याला गळ्याची पिशवी भरली, कशानं ते माहीत नाही. मिस यूलाली फाइलींच्या कपाटांमधून वळल्या आणि पंख आपोआप तिरके झाले. एकाही कपाटाला स्पर्श नाही. टेबलांवरचे कागद हलले.

कुणीतरी चमच्यानं बाटली वाजवायला लागलं. मग लोखंडी कपाट. मग बत्तीसच्या बत्तीस टेबलं.

अंकल मात्र एका जागी उभा, हात मागे बांधून. परीक्षेत मुलाचा नंबर आल्यावर बाप उभा राहतो तसा. दुसऱ्याचीच कुणाची गोष्ट चालू असल्यासारखा.

पत्रक ७. छत, आता

लेझामांनी पुस्तक मिटलं होतं, पण बोट आत होतं.

"हे सगळं ठीक. पण मिस यूलाली दिवसभर हे घालून फोन घेणार नाहीत."

"घेईन की, बाळ," पोटातून आवाज आला.

मी पेन्सिल काढली आणि भिंतीवरच, पांढऱ्या रंगावर, काढायला लागले. कप्प्या. टेबलांच्या रांगांवर पेलिकन, डोक्यावर हातभर अंतरावर. खांद्याच्या कमानी झाकायच्या नाहीत. खालून दिसू द्यायच्या, रिकाम्या. पक्षी वर असला की तो उडत नाही, वाट पाहतो. कार्निव्हलच्या सोमवारी दोरी सोडायची, खाली घ्यायचा, आणि रस्त्यावर.

"कार्निव्हलचे दोन दिवस या ऑफिसला छत नसेल," मी म्हणाले.

"आणि बुधवारी?" हे लेझामांनी नाही, अंकलनं विचारलं.

"बुधवारी परत वर."

"मोडलेले?"

"मोडलेले तू दुरुस्त करायचे. इथेच, या खिडकीशी. ती जागाही काढते."

मी काढली. एक ओटा, तारेची वेटोळी अडकवायला खुंट्या, त्याच्या गुडघ्याला सोसेल असं एक उंच स्टूल. तो जवळ येऊन बघत राहिला.

"बुधवारी काही परत आलेलं मी पाहिलेलं नाही, थोरा," तो म्हणाला. रागावलेला नव्हता. तरी थोरा म्हणाला.

लेझामांनी पुस्तकातून बोट काढलं.

"बाकीचे अकरा असेच करणार? मिस यूलालींच्या मापाचे?"

"छे!" अंकलला एकदम कंठ फुटला. "हवेच्या मापाचं एकदा केलं, फजिती पाहिलीत ना? कोट काढा."

"माझा?"

"मग काय माझा?"

मोठ्या साहेबांनी कोट काढला. बाकीच्या दोन संचालकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि टाय सैल केले. अंकलनं खिशातून तारेचा तुकडा घेतला, लेझामांच्या उजव्या खांद्यावरून वळवला, मानेशी चिमटला, काखेशी चिमटला.

"ताठ उभे राहू नका. साहेब असल्यासारखे तर मुळीच नाही. रस्त्यावर संगीत चालू आहे आणि घरी जायची घाई नाही, असे उभे राहा."

लेझामा तसे उभे राहायला लागले. जमायला थोडा वेळ लागला, पण जमलं.

"हं. हा खांदा चांगला आहे," अंकल म्हणाला. "वाया घालवला होतात." मग तारेला नाव लिहायला कागदाचा कपटा बांधला, कानामागची पेन्सिल काढली आणि माझ्याकडे वळला.

"याचं नाव काय म्हणालीस?"