पुंजारामाच्या घरचा तांब्या

तंटा मिटेपर्यंत पंचाने भांडणाऱ्यांपैकी कुणाच्याही घरचं पाणी प्यायचं नाही, हा आमच्या कर्जतकडचा शिरस्ता. बहात्तरच्या दुष्काळात मी तो मोडला. पुंजाराम आणि बन्सी या सख्ख्या भावांचं विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण होतं. भर उन्हात चालत गेलो, पुंजारामाच्या बायकोने तांब्या पुढे केला आणि मी मूर्खाने तो घटाघटा रिकामा केला. निवाडा चोख दिला, पण बन्सीने तांब्या पाहिला होता. "मच्छिंद्र पंच पान्याला इकला," असं तो गावभर सांगत सुटला आणि विहिरीवर पाऊल ठेवेना. त्याची बायको भागूबाई दोन मैलांवरून घागरी आणू लागली. ती दिसली की मी वाट बदलायचो. पंच म्हणून बसणंच सोडलं.

शेजारच्या गावचे पंच कमरुद्दीनभाई. त्यांनी बाजारच्या दिवशी मला हाताला धरून चिंचेखाली नेलं. तिथे आसपासचे सात-आठ पंच बसले होते.

"हितं मिटवल्यालं सांगायचं न्हाई," ते म्हणाले. "चुकल्यालं तेवढंच सांगायचं."

मला हसू आलं. पंच कधी चूक कबूल करतात होय?

तेवढ्यात आप्पासाहेब बोलू लागले. बारा गावांत त्यांचा शब्द खाली पडत नसे. त्यांच्यासमोर मी चपला काढूनच बसायचो.

"दोन भनींची वाटणी करताना म्या धाकटीचं ऐकूनच घेतलं न्हाई. ती पुन्यांदा माहेरी आली न्हाई. वारली, तवाच तिची खबर कळाली."

कुणी समजूत घातली नाही. कमरुद्दीनभाईंनी फक्त त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. एवढं मनात घेऊन हा माणूस चाळीस वर्षं लोकांची भांडणं मिटवत होता! मग मीही तांब्याचं सांगून टाकलं.

"बन्सीला सांगितलंस?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"न्हाई."

"मग ऊठ. मी आन् कमरुद्दीन दोघं येतो संगं."

सत्तरीचा माणूस माझ्या चुकीपायी तीन कोस चालला. पुंजारामाला बोलावून, बन्सीच्या अंगणात मी दोघांसमोर म्हणालो, "पानी प्यालो, चुकलं माजं. आता ह्ये दोघं ठरवतील."

त्यांनी दोन्ही भावांचं पुरतं ऐकलं. पाळी शेवटी मी दिली होती तीच ठरली. या खेपेला बन्सीने मान डोलावली.

भागूबाई तांब्या घेऊन आली आणि आप्पासाहेबांकडे वळली. बन्सीने तो मधेच तिच्या हातातून घेतला आणि माझ्यापुढे धरला.

"घ्या, पंच. आता मिटलंय."